मद्यमुक्तीची सभा : पत्ता कसा शोधावा, दाराआड काय असते

राम गणेश गडकरी यांच्या ‘एकच प्याला’ नाटकातील तळीराम आणि त्याचे ‘आर्य मदिरा मंडळ’ मराठी माणसाला ठाऊक नाही, असे सहसा होत नाही. नाटक पाहिले नसले तरी नावे कानावरून गेलेली असतात. दारू पिणाऱ्यांच्या या काल्पनिक मंडळाला शंभर वर्षांहून अधिक काळ अशी प्रसिद्धी लाभली. मात्र दारू सोडलेल्या आणि सोडू पाहणाऱ्या माणसांची खरीखुरी मंडळे मुंबई-पुण्यात अनेक दशके नियमित भरत असूनही, ती नेमकी कोठे भरतात हे शेजारच्या इमारतीतील रहिवाशालाही माहीत नसते. महापालिकेच्या शाळेचा एखादा वर्ग, चर्चचे सभागृह, एखाद्या संस्थेची रात्री रिकामी असणारी खोली, अशा जागी संध्याकाळी दहा-वीस माणसे जमतात, तास-दीड तास बोलतात, खुर्च्या जागेवर लावतात आणि पांगतात. बाहेर मोठा फलक नाही, वर्तमानपत्रात जाहिरात नाही, उद्घाटनाला पाहुणे नाहीत.

हा अबोलपणा निष्काळजीपणातून आलेला नाही. ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’, म्हणजेच संक्षेपाने ‘ए.ए.’, या संघटनेच्या तत्त्वांतच तो आहे. सभासदाची ओळख उघड होऊ नये, संघटनेने प्रचाराचा गाजावाजा करू नये, कोणाला आपणहून यावेसे वाटले तर दार उघडे असावे, असा हा दंडक. येणाऱ्याला त्यातून मोठे संरक्षण मिळते. पण ज्याला यायचे आहे त्याला पत्ता सापडणे त्यामुळेच कठीण होऊन बसते. मद्यपाशातून सुटण्याची इच्छा अनेकदा अवघी काही तासांची असते. सकाळी पश्चात्तापाच्या भरात झालेला निश्चय संध्याकाळी गुत्त्याच्या वळणावर विरतो. या मधल्या वेळेत पत्ता हाती लागला नाही, तर पुढची संधी काही महिन्यांनी येते, किंवा येतही नाही.

प्रश्न किती मोठा आहे, याची कल्पना केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्राने केलेल्या देशव्यापी पाहणीवरून येते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या या अहवालानुसार १० ते ७५ या वयोगटातील १४.६ टक्के भारतीय, म्हणजे सुमारे १६ कोटी लोक मद्य घेतात. पुरुषांत हे प्रमाण २७.३ टक्के, तर स्त्रियांत १.६ टक्के आहे. यातील सुमारे ५.७ कोटी लोकांना मद्याच्या दुष्परिणामांपायी मदतीची गरज आहे. त्याहून बोलका आकडा पुढचा आहे. मद्यावर पूर्ण अवलंबून असलेल्या दर ३८ जणांपैकी केवळ एकाला कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचे साहाय्य मिळते. रुग्णालयात दाखल होऊन उपचार घेणारा तर १८० जणांत एकच. उरलेल्यांना मदत नको असते असे नव्हे. कोणाकडे जायचे, किती पैसे पडतील, नाव फुटेल का आणि नोकरी राहील का, या चार प्रश्नांपाशीच बहुतेकांचे पाऊल अडखळते.

सभेचा शोध ही या चळवळीची जन्मकथाच आहे. मे १९३५ मध्ये न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात काम करणारा बिल विल्सन हा गृहस्थ एका धंद्याच्या खटपटीसाठी अमेरिकेतील ओहायो राज्याच्या अॅक्रन शहरात आला होता. दारूने पुरता उद्ध्वस्त होऊन तो काही महिन्यांपूर्वीच सावरला होता. खटपट फसली. परक्या गावात, हॉटेलच्या दालनात तो एकटा उभा होता. एका बाजूला हॉटेलचा बार, तेथून येणारे हसण्याचे आवाज. दुसऱ्या बाजूला टेलिफोन आणि शहरातील चर्चची यादी. आपण आता पिणार, हे त्याला उमगले. या क्षणी आपल्याला वाचवील तर दुसरा एखादा दारुडाच, उपदेशक नव्हे, हेही त्याच्या ध्यानात आले. त्याने यादीतील धर्मगुरूंना फोन लावायला सुरुवात केली. त्या धाग्याने तो हेन्रिएटा सायबरलिंग या बाईंपर्यंत आणि त्यांच्यामार्फत डॉ. रॉबर्ट स्मिथ या शल्यविशारदापर्यंत पोहोचला. डॉक्टर स्वतः दारूच्या आहारी गेलेले होते. पंधरा मिनिटांपेक्षा अधिक थांबणार नाही, या अटीवर ते भेटीला आले आणि रात्री उशिरापर्यंत बोलत बसले. १० जून १९३५ रोजी डॉक्टरांनी अखेरचे मद्य घेतले. तो दिवस ए.ए.चा स्थापनादिन मानला जातो.

या भेटीतील एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते. बिल विल्सन डॉक्टरांना सुधारायला गेला नव्हता. त्याला स्वतःला न पिता ती संध्याकाळ काढायची होती. मद्यमुक्त झालेल्याला नवख्याची गरज असते, हे सूत्र त्या दिवसापासून आजतागायत प्रत्येक सभेच्या मुळाशी आहे. म्हणूनच प्रथम येणारा माणूस तेथे याचक ठरत नाही. वीस वर्षे न प्यालेल्या सभासदाच्या दृष्टीने तो त्या संध्याकाळचा सर्वांत महत्त्वाचा माणूस असतो.

संघटनेचे ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’ हे मूळ पुस्तक १९३९ साली निघाले आणि त्यात बारा पायऱ्यांचा कार्यक्रम मांडला गेला. गटांनी आपसांत कसे वागावे याच्या बारा परंपरा १९५० साली क्लीव्हलंडच्या अधिवेशनात स्वीकारण्यात आल्या. भारतात ही चळवळ १९५७ मध्ये आली. तिचे भारतातील मध्यवर्ती सेवा कार्यालय मुंबईत आहे. आज सुमारे १८० देशांत तिचे गट असून सभासदसंख्या वीस लाखांच्या घरात असावी, असा खुद्द संघटनेचाच अंदाज आहे. अंदाज म्हणायचे कारण असे, की नावनोंदणीच नसल्यामुळे मोजणी करायची कशाची?

पत्ता मिळवण्याच्या वाटा

सर्वांत सरळ मार्ग म्हणजे ए.ए.च्या भारतातील कार्यालयाच्या संकेतस्थळावरील सभांची यादी पाहणे किंवा तेथील दूरध्वनीवर चौकशी करणे. मोठ्या शहरांत अनेक गटांचे मिळून एक समन्वय मंडळ असते. त्याला ‘इंटरग्रुप’ म्हणतात. इंटरग्रुपचा दूरध्वनी पगारी कर्मचारी उचलत नाहीत, स्वतः दारू सोडलेले सभासद उचलतात. फोन करताना पूर्ण नाव सांगावे लागत नाही. आपण कोणत्या भागात राहतो, कोणती भाषा सोयीची आहे आणि कोणत्या वेळी येणे जमेल, एवढे सांगितले तरी जवळची सभा कळते. एकट्याने जाण्याचा धीर होत नसेल तर तसे स्पष्ट सांगावे. स्टेशनबाहेर किंवा नाक्यावर कोणीतरी भेटून सोबत नेण्याची पद्धत या मंडळींत जुनीच आहे.

येथे एक व्यवहारी सूचना आवश्यक आहे. छापील किंवा संगणकावरील यादीवर विसंबून थेट निघू नये. सभा परक्या जागेत भरतात. शाळेत परीक्षा सुरू असेल, मे महिन्याची किंवा दिवाळीची सुट्टी असेल, वर्गात मतदान केंद्र आले असेल, तर सभा दुसरीकडे हलू शकते. पहिल्यांदा धीर करून गेलेल्या माणसाला कुलूप दिसले, तर ते कुलूप त्याला परत फिरण्याचे पुरेसे निमित्त देते. म्हणून त्याच दिवशी फोन करून खात्री करून घ्यावी.

दुसरा मार्ग रुग्णालयाचा. सरकारी व महापालिका रुग्णालयांच्या मानसोपचार विभागांत, तसेच बहुतेक व्यसनमुक्ती केंद्रांत परिसरातील सभांची माहिती असते. काही ठिकाणी तर तेथेच सभा भरते. केंद्र सरकारच्या व्यसनमुक्ती साहाय्यासाठी १४४४६ हा निःशुल्क क्रमांक आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्य सेवेचा क्रमांक १४४१६ असून तेथेही मदत मिळू शकते.

तिसरा मार्ग २०२० च्या टाळेबंदीने रुळवला. शाळा आणि सभागृहे बंद झाली तेव्हा गटांनी मोबाइलवर सभा भरवायला आरंभ केला आणि दारे उघडल्यानंतरही त्यांतील अनेक टिकल्या. आखातात नोकरी करणारा मराठी कामगार, अमेरिकेतील एखाद्या लहान गावात राहणारा अभियंता, पाळीच्या कामामुळे संध्याकाळी बाहेर पडू न शकणारा कारखान्यातील माणूस, आणि विशेषतः स्त्रिया यांना हा मार्ग सोयीचा ठरतो. मद्यपी पुरुषाला समाज निदान ‘संगतीने बिघडला’ अशी सवलत देतो. स्त्रीला तेवढीही मिळत नाही. दीड टक्क्याच्या आसपास असलेला तो आकडा म्हणूनच फसवा आहे. संख्येने थोड्या असलेल्या या स्त्रियांना पुरुषांनी भरलेल्या वर्गात शिरणे किती अवघड जात असेल, याचा विचार व्हायला हवा. मोठ्या शहरांत केवळ स्त्रियांसाठी सभा असतात का, हे इंटरग्रुपला जरूर विचारावे. तरीही समोरासमोर बसण्याची सर पडद्यावरच्या सभेला येत नाही. पडदा एका बोटाने बंद करता येतो.

यादीत सभेपुढे ‘खुली’ किंवा ‘बंद’ असा शब्द असतो. खुल्या सभेला कोणालाही बसता येते. नातेवाईक, विद्यार्थी, डॉक्टर, नुसते कुतूहल असलेले. बंद सभा फक्त दारू सोडण्याची इच्छा असलेल्यांसाठी असते. नवख्याला दोन्हींना जाता येते. कुटुंबीयांना सोबत जायचे असेल तर खुली सभा निवडावी. भाषेचाही विचार करावा. मुंबईत मराठी, हिंदी, इंग्रजीसह अन्य भाषांतही सभा भरतात, गोव्यात कोंकणीची सोय सापडते. इंग्रजीत उत्तम काम करणारा माणूसदेखील आपली लाज मात्र मातृभाषेतच बोलू शकतो, हे लक्षात ठेवून शक्यतो त्याच भाषेतील सभा निवडलेली बरी.

आत काय घडते

महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ नुसार या राज्यात दारू पिण्यासाठी परवाना लागतो. हा परवाना किती जणांच्या खिशात असतो, तो प्रश्न निराळा. दारू सोडण्याच्या सभेला मात्र नोंदणी, अर्ज, ओळखपत्र, छायाचित्र यांतील काहीच लागत नाही. सभासदत्वाची अट एकच, ती म्हणजे मद्यपान थांबवण्याची इच्छा. आडनाव कोणी विचारत नाही. आडनावावरून गाव, जात आणि घराणे हुडकणाऱ्या आपल्या समाजात ही गोष्ट वाटते तितकी लहान नाही.

भिंतीवर किंवा कापडी फलकावर बारा पायऱ्या लावलेल्या असतात. टेबलापाशी सूत्रसंचालन करणारा सभासद बसतो. हे काम आळीपाळीने येते. थोडे वाचन होते. मग एकेक जण उठून आपले पहिले नाव सांगतो, आपण मद्यपी आहोत असे सांगतो आणि बोलू लागतो. आपण कसे होतो, काय घडले आणि आता कसे आहोत, असा साधारण कथनाचा क्रम असतो. मुलीच्या फीचे पैसे कसे उडवले, बायकोच्या मंगळसूत्राचे काय झाले, कंपनीतून कसे काढले, हे सारे सपाट आवाजात सांगितले जाते. कधी हशाही पिकतो. नवख्याला या हसण्याचा प्रथम धक्का बसतो. नंतर त्याचा अर्थ कळतो. कोणी मधे बोलत नाही, सल्ला देत नाही, उलटतपासणी घेत नाही. नवख्यावर बोलण्याची सक्ती नसते. ‘आज फक्त ऐकतो’ एवढे म्हटले तरी चालते.

शेवटी एक डबा किंवा पिशवी फिरते. ज्याला वाटेल तो नाणे-नोट टाकतो. खोलीचे भाडे, चहा आणि पुस्तिका यांचा खर्च त्यातून निघतो. बाहेरच्या देणग्या, सरकारी अनुदान, पुढाऱ्यांचे धनादेश ही संघटना स्वीकारत नाही. सभासदांनी स्वतःच्या खर्चाचा भार स्वतः उचलावा, ही तिची परंपरा आहे. संघटनेचे स्वतःचे रुग्णालय नाही, वसतिगृह नाही, औषध नाही. त्यामुळे ‘ए.ए.’च्या नावाने कोणी प्रवेश शुल्क, महिन्याची फी किंवा अनामत रक्कम मागत असेल, तर ती ए.ए. नव्हे, एवढी खूणगाठ वाचकांनी बांधावी.

सभेनंतर बाहेर चहाच्या टपरीवर जी अर्ध्या तासाची दुसरी सभा भरते, ती पहिलीइतकीच कामाची असते. तेथे फोन क्रमांकांची देवघेव होते. रात्री पिण्याची तलफ अनावर झाली तर यांतल्या कोणाला उठवायचे, हे तेथे ठरते. पुढे काही आठवड्यांनी नवखा एखाद्या जुन्या सभासदाला आपला ‘स्पॉन्सर’ होण्याची विनंती करतो. हा शब्द पैशाशी संबंधित नाही. बारा पायऱ्यांतून पुढे नेणारा आणि अवेळी फोन उचलणारा अनुभवी सोबती, असा त्याचा अर्थ.

जन्मभर पिणार नाही, अशी शपथ तेथे घ्यायला लावत नाहीत. शपथा मद्यपीने देवासमोर, आईच्या गळ्याची, मुलाच्या डोक्यावर हात ठेवून पुष्कळ घेतलेल्या असतात. ए.ए.चा हिशेब चोवीस तासांचा असतो. आजचा दिवस पहिला प्याला घ्यायचा नाही; उद्याचे उद्या. दहाव्या प्याल्याने घात होत नाही, पहिल्याने होतो, हे त्यामागचे तर्कशास्त्र. गडकऱ्यांच्या नाटकाचे नावही अखेर तेच सांगते.

ईश्वराचा प्रश्न अनेकांना खटकतो. बारा पायऱ्यांत ईश्वराचा उल्लेख आहे आणि स्वतःहून मोठ्या अशा एका शक्तीवर भरवसा ठेवण्याची भाषा आहे. चर्चमध्ये भरणारी सभा म्हणजे ख्रिस्ती धर्मकार्य, असा गैरसमजही यातून होतो. प्रत्यक्षात जागा मिळाली म्हणून सभा तेथे भरते. गटाचा त्या धर्मस्थळाशी भाडेकरूपलीकडे संबंध नसतो. ती शक्ती म्हणजे कोणी विठ्ठल मानतो, कोणी निसर्ग, कोणी समोर बसलेला गटच. तुळशीची माळ घालून दारू कायमची सुटलेली माणसे महाराष्ट्राच्या गावोगाव आहेत. माळ, दिंडीची सोबत आणि वर्षावर्षाची वारी यांत जे बळ आहे, त्याचेच एक शहरी रूप म्हणून काहींना ही सभा जवळची वाटते. तरीही ज्याला ही भाषा मानवतच नाही त्याने दारूकडे परतण्याची गरज नाही. ‘स्मार्ट रिकव्हरी’सारखे, मानसशास्त्रीय तंत्रांवर आधारलेले आणि ईश्वराचा आधार न घेणारे गटही आहेत व त्यांच्या सभा संगणकावरून गाठता येतात.

आधी डॉक्टर, मग सभा

या विषयावर लिहिताना एक धोका ठळकपणे सांगितलाच पाहिजे. अनेक वर्षे रोज भरपूर पिणाऱ्या माणसाने सभेच्या उत्साहात एका दिवसात दारू तोडली, तर ते त्याच्या जिवावर बेतू शकते. शरीराला मद्याची सवय झालेली असते. ते अचानक थांबले की सहा ते चोवीस तासांत हातांना कंप, घाम, मळमळ, अस्वस्थता सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काहींना भास होऊ लागतात. अंगावर किडे चालल्यासारखे वाटते, नसलेली माणसे दिसतात, स्थळ-काळाचे भान सुटते, ताप चढतो. या अवस्थेला ‘डिलिरियम ट्रेमेन्स’ म्हणतात आणि ती तातडीच्या वैद्यकीय उपचारांची बाब आहे. घरात ‘बाहेरची बाधा’ समजून अंगारे-धुपारे करण्यात गेलेले तास महागात पडतात. ज्याला सकाळी उठल्याबरोबर प्यावे लागते, ज्याला पूर्वी सोडताना फिट आली आहे किंवा भास झाले आहेत, त्याने डॉक्टरांच्या देखरेखीखालीच दारू थांबवावी. हा काळ औषधांनी आणि ‘बी-१’ जीवनसत्त्वाच्या मात्रांनी सहसा काही दिवसांत सुखरूप पार पडतो. सभा त्यानंतरच्या आयुष्यासाठी आहे.

भिंतींवर रंगवलेल्या, ‘पिणाऱ्याला न सांगता दारू सोडवा’ असे आश्वासन देणाऱ्या जाहिरातींपासूनही दूर राहावे. चहातून किंवा भाजीतून गुपचूप दिल्या जाणाऱ्या अशा भुकटीत काय आहे, याचा पत्ता नसतो. ‘डायसल्फिरम’ हे औषध डॉक्टर वापरतात खरे, परंतु ते घेतलेल्या माणसाने वर दारू प्यायली तर उलट्या, छातीत धडधड, रक्तदाब कोसळणे अशी प्रतिक्रिया उमटते. प्रसंगी मृत्यूही ओढवतो. रुग्णाला पूर्ण कल्पना देऊन, त्याच्या संमतीनेच ते द्यायचे असते. तलफ कमी करणारी अन्य औषधेही आहेत. ‘गोळ्या घेणारा खरा मद्यमुक्त नव्हे’ असे एखादा जुना सभासद म्हणेलही, पण ती संघटनेची भूमिका नाही. औषधांचा निर्णय डॉक्टरांचा, हे ए.ए.च्या साहित्यातच नमूद आहे.

ज्याला घरात राहून सोडणे शक्य नाही, त्याच्यासाठी निवासी केंद्रे आहेत. पुण्याचे ‘मुक्तांगण’ त्यांत मराठी वाचकांच्या सर्वाधिक परिचयाचे. अनिल अवचट यांच्या गर्दविषयक लेखनाने अस्वस्थ झालेल्या पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या पाठबळावर, २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. अनिता अवचट यांच्या नेतृत्वाखाली ते सुरू झाले. बाहेर पडलेल्या रुग्णमित्रांसाठी गावोगावी भरणाऱ्या पाठपुरावा सभा हे त्याच्या कामाचे महत्त्वाचे अंग आहे. त्याआधी १९८१ मध्ये मुंबईत वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्ये फादर जोसेफ परेरा यांनी ‘कृपा फाउंडेशन’ उभे केले. बारा पायऱ्यांना अय्यंगार योगाची जोड ही त्याची खासियत. साताऱ्याच्या ‘परिवर्तन’मागे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची प्रेरणा होती. अशा नावाजलेल्या संस्थांबरोबर, माणसाला बांधून गाडीत घालून नेणारी आणि मारहाणीला उपचार म्हणणारी ठिकाणेही आहेत. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये मद्य व अमली पदार्थांच्या दुरुपयोगाशी निगडित मानसिक अवस्थांचा समावेश आहे, आणि अशा रुग्णांना दाखल करून उपचार करणाऱ्या आस्थापनेला नोंदणी बंधनकारक आहे. केंद्र निवडताना नोंदणीचे प्रमाणपत्र पाहण्याचा आणि डॉक्टर किती वेळा येतात हे विचारण्याचा कुटुंबाला पूर्ण अधिकार आहे.

घरच्यांची सभा

पत्ता शोधणारा पुष्कळदा स्वतः मद्यपी नसतोच. त्याची पत्नी, आई किंवा मुलगी असते. तिला ए.ए.कडून पहिले उत्तर मिळते ते काहीसे निराश करणारे. ज्याला सोडायची आहे त्याने स्वतः फोन केला तर बरे, असे तिला सांगितले जाते. यात टाळाटाळ नसते. ओढून आणलेला माणूस सभेत बसतो, पण ऐकत नाही. मात्र त्याच वेळी तिने आपल्यासाठीही सभा आहे का, हे विचारावे.

ती आहे. मद्यपींच्या आप्तांसाठी ‘अल-अनॉन’ ही स्वतंत्र संघटना १९५१ मध्ये उभी राहिली. बिल विल्सन यांच्या पत्नी लोइस तिच्या संस्थापकांपैकी एक. किशोरवयीन मुलांसाठीचे ‘अलाटीन’ १९५७ मधले. पुण्यात ‘मुक्तांगण’ने पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट चालवला आहे. बाटल्या लपवणे, त्या बेसिनमध्ये ओतणे, साहेबांना ‘ताप आहे’ असा फोन करणे, गुत्तेवाल्याची उधारी फेडणे, नातेवाइकांपुढे हसतमुख राहणे, यांत वर्षे घालवलेल्या बायका तेथे एकमेकींना भेटतात. त्याची दारू आपल्यामुळे सुरू झालेली नाही आणि आपल्या उपासतापासांनी ती थांबणारही नाही, हे प्रथम ऐकताना कडू लागते. काही दिवसांनी त्याच वाक्याने हलके वाटते. खोटे फोन बंद होतात, उधारी फेडणे बंद होते, आणि पिण्याची किंमत पिणाऱ्याच्या पदरात पडू लागते. नवरा अजून पीत असतानाही या सभेला जाता येते; त्याच्या परवानगीची आवश्यकता नाही. घरात मारहाण होत असेल तर मात्र प्रश्न केवळ व्यसनाचा उरत नाही. तेथे सभेआधी सुरक्षितता आणि कायद्याचे संरक्षण पाहावे लागते.

या सभांचा उपयोग होतो का, याबद्दल वैद्यकविश्वात दीर्घकाळ शंका होती. २००६ साली कॉक्रेन या नामांकित संशोधन संस्थेने उपलब्ध अभ्यासांची छाननी केली तेव्हा ठोस निष्कर्ष निघाला नव्हता. २०२० मध्ये तिनेच २७ अभ्यास आणि १०,५६५ व्यक्तींच्या नोंदी पुन्हा तपासल्या. रुग्णाला पद्धतशीरपणे ए.ए.शी जोडून देणारे उपचार, पूर्ण मद्यमुक्तीच्या कसोटीवर, अन्य प्रस्थापित मानसोपचारांपेक्षा सरस ठरल्याचे या वेळी दिसले. वर्षअखेर अजिबात न प्यालेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात सुमारे ४२ टक्के, तर दुसऱ्यात ३५ टक्के होते. हे आकडे दोन्ही अंगांनी वाचायला हवेत. फुकट मिळणारी गोष्ट महागड्या उपचारांच्या तोडीची, किंबहुना किंचित वरचढ ठरते, हे एक. आणि निम्म्याहून अधिक माणसे वर्षभरात निदान एकदा तरी पितात, हे दुसरे.

त्या दुसऱ्या गटातल्या माणसाचे पुढे काय होते, हे सभेच्या दृष्टीने महत्त्वाचे असते. घसरलेला माणूस सहसा महिना-दोन महिने तोंड चुकवतो. सभासद त्याला फोन करतात. तो उचलत नाही. मग एखाद्या संध्याकाळी तो मागच्या बाकावर येऊन बसतो. त्याला जाब विचारला जात नाही. मद्यमुक्तीचे दिवस पुन्हा एकपासून मोजायला लागतात, एवढाच त्याचा दंड. एका सभेवरून मत बनवू नये, असे जुने सभासद नवख्याला आवर्जून सांगतात. प्रत्येक गटाचा स्वभाव निराळा असतो. एखाद्या ठिकाणी म्हातारे अधिक, एखाद्या ठिकाणी तरुण. कोठे वाचनावर भर, कोठे बोलण्यावर. पहिल्या महिन्यात शक्य तितक्या, आणि निरनिराळ्या वस्त्यांतील सभा पाहाव्यात. आपल्याच विभागात ओळखीचे कोणी भेटेल, या भीतीने दोन स्टेशने पुढची सभा निवडणारे पुष्कळ असतात आणि त्यात गैर काही नाही. ओळखीचे कोणी भेटलेच, तर तोही त्याच कारणासाठी तेथे आलेला असतो.